‘इत्तेकिमास’ आणि ‘तादाइमा’: ॲनिमेच्या मराठी संवादांत काय म्हणावे?

प्रश्न: घरगुती ॲनिमेत (जपानी ॲनिमेशनपटांत) दोन जोड्या सतत येतात: बाहेर निघणारा आणि घरी राहणारा यांची ‘इत्तेकिमास – इत्तेराश्शाइ’, आणि परत आलेला व घरातला यांची ‘तादाइमा – ओकाएरि’. इंग्रजी सबटायटलवरून मराठी केले की ‘मी घरी आहे’, ‘घरी स्वागत आहे’ असले काहीतरी हाती लागते. बोलीत बसेल असे काय?

प्रतिसाद १: पहिल्यासाठी इंग्रजीकडे जायलाच नको. ‘इत्ते’ म्हणजे जाऊन, ‘किमास’ म्हणजे येतो. जाऊन येतो, शब्दाला शब्द. (लिहिताना ‘किमासु’, पण शेवटचा उकार टोकियोच्या बोलीत जवळजवळ ऐकू येत नाही.) नुसते ‘येतो’ मात्र नको. आपल्याकडे पाहुणाही निघताना ‘येतो हं’ म्हणतो. जपानी पाहुणा ‘ओजामाशिमाश्ता’ म्हणेल, म्हणजे ‘तुम्हाला त्रास दिला’. ‘इत्तेकिमास’ जिथे परतायचे तिथूनच म्हणतात: घरातून, किंवा कामासाठी थोडा वेळ बाहेर पडताना ऑफिसातून. ऑफिस सुटल्यावरचे वाक्य वेगळे, ‘ओसाकिनि शित्सुरेइ शिमास’. तिथे ‘निघतो मी’ पुरे.

प्रतिसाद २: इत्तेराश्शाइ = ‘ये जाऊन’. मोठ्यांना ‘या जाऊन’. बरेच जण ‘सांभाळून जा’ लिहितात, पण त्यासाठी ‘कि ओ त्सुकेते’ आहे आणि ते बहुधा लगेच पुढेच येते. मग त्या ओळीला काय लिहिणार?

प्रतिसाद ३: तादाइमा अवघड. मूळ अर्थ ‘आत्ताच’. ‘तादाइमा काएरिमाश्ता’, म्हणजे ‘आत्ताच परत आलो’, याचे ते तोडलेले रूप. जपानीत त्यात लिंग नाही, समोर कोण आहे तेही नाही. मराठीत दोन्ही ठरवावेच लागते: आलो की आले, गं की रे? आई घरात असेल तर ‘आई, आले गं’. पण रिकाम्या घरात शिरून कोणी तादाइमा म्हणाले तर ‘गं’ काढा, नाहीतर प्रेक्षक आत कोण आहे ते शोधत बसेल. बोलणारा पडद्यावर दिसत नसेल तर आधी त्याचे पात्र तपासा, मग क्रियापद लिहा.

प्रतिसाद १: ओकाएरिला ‘आलास?’, ‘आलीस?’, आदराने ‘आलात?’. प्रश्नचिन्हाला घाबरू नका, आपल्याकडे ते स्वागतच असते. ‘स्वागत आहे’ हे सत्कार समारंभातले.

प्रतिसाद ४: डबिंगसाठी एक भर. टीव्ही ॲनिमेत तोंडाची हालचाल, म्हणजे ‘कुचिपाकु’, साधारण तीन चित्रांवर चालते: बंद, अर्धे उघडे, पूर्ण उघडे. प्रत्येक ध्वनीला वेगळा ओठ नसतो, त्यामुळे ‘प’ला ओठ मिटले का हे बघत बसू नका; सुरुवात, शेवट आणि मधले थांबे जुळवा. ता-दा-इ-मा चार मात्रांचे, ‘आले गं’ तीन अक्षरांचे. ‘आऽले गं’ ओढले की भरते. इत्तेराश्शाइ सात मात्रांचे, तिथे ‘ये जाऊन’ तोकडे पडते. मागे ‘हं, बाळा’ जोडा किंवा नाव घ्या. आवाज आतल्या खोलीतून येत असेल तर ओठांची कटकटच नाही.

प्रतिसाद २: याच प्रसंगातले ‘गेनकान’ कृपया ‘ओसरी’ करू नका. ओसरी बाहेर उघडी. गेनकान दाराच्या आत. खालची जमीन ‘तताकि’, तिथे बूट काढायचे, मग कडेची पायरी चढून घरात. संवादात ‘बूट दारातच काढ’ एवढे बस.