शाळेतच पदवी: फी वाचते, पण श्रेणी पुसली जात नाही

‘बारावी संपताना असोसिएट पदवी (कॉलेजची दोन वर्षांची पदवी) हातात असेल, तर कॉलेजची दोन वर्षे आणि त्यांची फी वाचते’ हे म्हणणे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यापुरते बऱ्याच अंशी खरे आहे. तेथे १९९० साली कायद्याने मंजूर झालेल्या ‘रनिंग स्टार्ट’ योजनेत अकरावी-बारावीचे विद्यार्थी शिकवणी शुल्क न भरता कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) शिकू शकतात (पुस्तके, प्रवास आणि किरकोळ शुल्क मात्र पालकांकडेच राहते), आणि तिमाही पद्धतीची ९० क्रेडिट (अभ्यासक्रमांचे श्रेयांक) पूर्ण झाली की शाळा पूर्ण केल्याच्या डिप्लोमाबरोबर ही पदवीही मिळते. राज्यातील सरकारी विद्यापीठांत ती क्रेडिट सहसा वाया जात नाहीत. राज्याबाहेरची अनेक खासगी विद्यापीठे मात्र शाळेच्या डिप्लोमासाठी मोजलेली क्रेडिट पुन्हा धरत नाहीत.

फी वाचण्याच्या या म्हणण्यात न येणारी गोष्ट श्रेणींची आहे. हे विषय शाळेचे नसून कॉलेजचे असल्यामुळे त्यांतील श्रेणी कॉलेजच्या कायमच्या गुणपत्रकात नोंदल्या जातात, आणि पुढे वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामायिक अर्जात त्या सरासरीत धरल्या जातात. माझ्या मुलीने सोळाव्या वर्षी, शाळेचा बँड आणि रसायनशास्त्र एकाच वेळी सांभाळताना, मिळवलेला ‘सी’ (मध्यम श्रेणी) सहा वर्षांनी त्या अर्जात जसाच्या तसा भरावा लागला. म्हणून धाकट्याला आम्ही पहिल्या तिमाहीत एकच विषय घेऊ दिला, तोही त्याच्या आवडीचा.