घरी उघडलेलं पहिलं इंजिन : तुमचा अनुभव लिहा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांच्या १९८६ सालच्या प्रीमियर पद्मिनीचं हेड (इंजिनाचा वरचा, झाकणासारखा भाग) आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उघडलं. ज्या मिस्त्रींकडे ही गाडी कायम जायची, त्यांनी वयामुळे गॅरेज बंद केलं. दुसरीकडे नेली तर "फियाट आम्ही घेत नाही" (पद्मिनीला सगळे फियाटच म्हणतात) असं ऐकून परत आलो. कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडणं थांबून वीस वर्षं उलटली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. हे इंजिन ज्यांच्या हातांना पाठ आहे, ती माणसं आता सत्तरीत आहेत. त्यांच्याकडून जे शिकता येईल ते आत्ताच शिकायला हवं, म्हणून हा धागा काढतोय. तुम्ही घरी एखादं जुनं, लहान इंजिन उघडलं असेल तर कोणतं, कुठे अडलात, काय बाहेर करून घेतलंत, ते सविस्तर लिहा.

ठाणे (धागाकर्ता)

रेडिएटरचं पाणी दर आठवड्याला कमी व्हायचं. झाकण काढून इंजिन चालू ठेवलं की आत बुडबुडे दिसायचे, सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा. म्हणजे हेड आणि ब्लॉकमधली पातळ चकती, हेड गॅस्केट, गेलेली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं साधं इंजिन : ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, वॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि त्याचा धक्का वर पोचवणाऱ्या आठ काठ्या, म्हणजे पुशरॉड.

पुशरॉड काढण्याआधी बुटांच्या खोक्याच्या झाकणाला आठ भोकं पाडून आकडे घातले आणि जो जिथला तो तिथे खोचला. वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून प्रत्येक जोडी आपापल्या मापाची झालेली असते. अदलाबदल झाली तर टॅपेटचा आवाज जाता जात नाही.

हेडचे नट बाहेरून मधल्या दिशेने, प्रत्येक पाव फेरा असे सैल केले. एकदम एकच नट पूर्ण सोडला तर हेड वाकतं. सगळे नट निघाले, पण हेड हलेना! ॲल्युमिनियम आणि स्टडच्या मध्ये इतक्या वर्षांचा गंज धरलेला. दोन दिवस गंजाचं तेल सोडलं. शेजारचे काका स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी घेऊनच आले होते. त्यांना हात जोडून थांबवलं, कारण त्या फटीत एक खाच पडली की हेड कामातून गेलं. शेवटी जुन्या मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "प्लग परत बसव, कॉइलची वायर काढ आणि स्टार्टर मार. रॉकर निघालेत ना? मग सगळे वॉल्व्ह बंद आहेत. कॉम्प्रेशनच हेड उचलेल." तिसऱ्या वेळी 'टप्' असा आवाज आला आणि हेड सुटलं. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधल्या जागी गॅस्केट जळून काळी रेघ पडली होती.

हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज घालून पाहिलं तर मध्ये फट होती. ते फेसिंगला (मशीनवर पृष्ठभाग सपाट करायला) दिलं. वॉल्व्ह मात्र मीच घासले. काठीला लावलेली रबरी वाटी वॉल्व्हला चिकटवायची, सीटला पेस्ट लावायची आणि ताक घुसळताना रवी फिरते तशी ती काठी दोन तळव्यांत फिरवायची. मधूनमधून उचलून वॉल्व्ह जरा वळवायचा. सीटभोवती अखंड करडा गोल उमटला की झालं. खात्रीसाठी पोर्टमध्ये रॉकेल ओतून रात्रभर ठेवलं, एक थेंब पाझरला नाही. आठ वॉल्व्हना चार संध्याकाळी लागल्या. इतका शांत मी गेल्या कित्येक वर्षांत बसलो नव्हतो.

नाशिक

माझे बाबा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. ते निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून आमच्या जुन्या मारुती ८००चं इंजिन पूर्ण उघडलं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, वर कॅमशाफ्ट आणि टायमिंग बेल्ट. चाव्या मी मारायच्या आणि ते खुर्चीत बसून बघणार, असं आधीच ठरलं होतं.

पहिला दिवस एकही बोल्ट न काढता गेला. बाबांनी जुनी पांढरी चादर हॉलमध्ये अंथरली, तिच्यावर मार्करने इंजिनाचा मोठा आकार काढून घेतला. पुढची बाजू कुठली, मागची कुठली, तीन सिलिंडर कुठे, ते सगळं. निघालेला भाग त्याच्या जागी ठेवायचा. बोल्ट ज्या भोकातून निघाला त्याच भोकात दोन आटे परत फिरवून ठेवायचा, म्हणजे लांब-आखूड बोल्टांचा घोळ होत नाही.

दुसरा नियम पान्यांचा. काढताना मोजायचे, ठेवताना मोजायचे. विमानात एक विसरलेला पाना किती महाग पडतो हे ठाऊक असल्याने त्यांनी हे आयुष्यभर पाळलेलं. तिसऱ्या रात्री दहा नंबरची गोटी (सॉकेट) कमी भरली. रात्रीचे साडेदहा, मी म्हटलं, "बाबा, सकाळी बघू." ते उठले, टॉर्च घेतला. मॅनिफोल्डच्या खालच्या खोबणीत ती सापडली तेव्हाच आम्ही जेवलो.

टायमिंग बेल्ट बसवल्यावर घाई करू नका. क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा शाफ्ट) पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक, त्यामुळे सगळ्या खुणा पुन्हा समोरासमोर यायला हव्यात. आमची कॅमची खूण एक दात मागे निघाली. बेल्ट पुन्हा काढला. बाबा एक शब्द बोलले नाहीत, फक्त चहा करून आणला.

कोल्हापूर

मी उद्यमनगरात बोअरिंग-होनिंगचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर मापात कापून आतून घासून देण्याचं काम करतो. घरी इंजिन उघडणारे बरेच जण माझ्याकडे ब्लॉक घेऊन येतात, त्यांच्यासाठी लिहितो.

ब्लॉकबरोबर नवीन पिस्टन आणा. बोअर पिस्टनच्या मापाने होतो, अंदाजाने नाही. आधी बोअर करून मग पिस्टन शोधायला निघालेले लोक मी पाहिलेत. जुन्या गाड्यांना हवी ती साइज दुकानात मिळेलच असं नसतं.

मेन बेअरिंगच्या कॅपा ब्लॉकपासून वेगळ्या करू नका, कनेक्टिंग रॉडच्या कॅपा रॉडपासून वेगळ्या करू नका. त्या कंपनीत जोडीनेच बोअर केलेल्या असतात. काढण्याआधी नंबर बघा, नसेल तर खूण करा. क्रँक कितीही सुंदर घासून दिला तरी कॅप उलटी बसली की तो फिरणार नाही, किंवा फिरून बेअरिंग खाईल.

बोअरच्या वरच्या टोकाला नख अडकतं, त्यावरून "बोअर गेला" म्हणू नका. वरची रिंग जिथे थांबते तिथे कडा पडतेच. बोअर गेज लावून वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी माप घ्यायचं, मग ठरवायचं. आणि कृपा करून घरी पॉलिश पेपरने बोअर आरशासारखा चकचकीत करू नका. होनिंगच्या त्या तिरक्या रेघा तेल धरून ठेवतात, त्यांच्याशिवाय नवीन रिंगा बसत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं : माझ्याकडून ब्लॉक नेल्यावर तो गरम पाण्याने आणि साबणाने धुवा. रॉकेलने मळ जातो, पण होनिंगची बारीक कच रेघांमध्ये राहते. ब्रश मारून धुवा, पांढरं फडकं फिरवा, करडं निघालं तर पुन्हा धुवा. फडकं पांढरं निघेपर्यंत थांबू नका. मग पुसून लगेच तेल लावा, नाहीतर तासाभरात तांबूस गंज चढतो. ही कच राहिली की नव्या रिंगा थोड्याच दिवसांत झिजतात.

लातूर

माझा अनुभव थांबण्याचा आहे. पद्मिनीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर बाहेर नेणारा नळ) एक स्टड पाना लावताच तुटला. ड्रिल हातात घेतलं आणि खाली ठेवलं. ॲल्युमिनियम मऊ, स्टड कडक, ड्रिल घसरून हेडमध्येच जाणार हे दिसत होतं. वेल्डिंगवाल्याने उरलेल्या टोकावर नट वेल्ड केला, त्या उष्णतेने गंज सुटला आणि स्टड पान्याने अलगद फिरून बाहेर आला. पाच मिनिटांचं काम. तेव्हापासून मॅनिफोल्डचे नट मी इंजिन जरा गरम करून मगच सोडतो.

मडगाव

समुद्राजवळ सहा वर्षं उभी असलेली फियाट. इंजिन जाम. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतलं आणि रोज थोडं भरत राहिलो. अकराव्या दिवशी क्रँकच्या नटावर लांब दांड्याचा पाना लावून मागे-पुढे, मागे-पुढे हलवलं, केसभर हललं. स्टार्टर अजिबात लावला नाही. मोकळं झालं तरी तसंच चालवू नका, आत रिंगा खाचांमध्ये अडकलेल्या असतात. आमच्या चारपैकी दोन पिस्टनच्या तशाच होत्या.

बर्मिंगहॅम, इंग्लंड

इथे जुन्या मिनीचं ९९८ सीसी इंजिन उघडलं. हे ए-सिरीज घराणं १९५१चं. १९५९मध्ये मिनी आली तेव्हा तिचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांनी हेच इंजिन आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स त्याच्या खालच्या तेलाच्या चेंबरमध्येच घातला. इंजिन आणि गिअर एकाच तेलावर चालतात, त्यामुळे निघताना दोन्ही एकत्रच निघतात. भाड्याने आणलेल्या क्रेनशिवाय ते जमलं नसतं.

धोक्याची जागा फ्लायव्हील. ते निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसतं आणि पुलर लावल्यावर बंदुकीसारखा आवाज करून सुटतं. म्हणून मधला बोल्ट पूर्ण काढायचा नाही, काही आटे सैल करून तिथेच ठेवायचा. मला हे शिकवलं शेजारच्या आजोबांनी, ज्यांची उमेदीची वर्षं मिनी बनवणाऱ्या लाँगब्रिजच्या कारखान्यात गेली. सुटे भाग मात्र इथे अजून घरपोच मिळतात, अगदी एकेका गॅस्केटपर्यंत. आमच्या सांगलीच्या घरची पद्मिनी आठवते आणि वाटतं, तिच्यासाठीही असं कुणी करायला हवं होतं.

ठाणे (धागाकर्ता)

उद्यमनगरचे दादा, तुमचं साबणाचं वाचून मी थांबलोच, मी रॉकेलनेच धुतलं असतं. हेडचं काम टिकलंय. गाडी थोडी चालवल्यावर इंजिन थंड असताना नट पुन्हा मधून बाहेर असे मापाने आवळले, त्यानंतर रेडिएटरचं पाणी एकदाही घालावं लागलेलं नाही. पण तीन नंबरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा कमी येतंय आणि प्लगवर तेल दिसतं. पावसाळा संपला की खालचं काम काढतो. ब्लॉक घेऊन कोल्हापूरला येईन, कॅपा लावलेल्या आणि पिस्टन सोबत.