‘नवगाव ते अश्दोद’ कोकणातल्या आणि इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल ज्यूंचा फॅमिली ग्रुप, १३ ऑक्टोबर २०२५: गाझातले ओलीस सुटले, आता पुढे काय

डॅनी (ठाणे): हमासच्या ताब्यातले २० च्या २० जिवंत ओलीस घरी!! आज सकाळी सिनेगॉगमध्ये सगळ्यांचे डोळे मोबाईलला लागलेले, होशाना रब्बा सणाची प्रार्थना कोण म्हणतंय आणि बातम्या कोण बघतंय काही कळत नव्हतं. पण खरं सांगू का, इतक्यात युद्ध थांबायलाच नको होतं. एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावून टाकायचा.

शिरीनमामी (अश्दोद): सोक्षमोक्ष लावायला तू येतोस का रे मिलुईमला, म्हणजे राखीव सैन्यात ड्युटीला? रागावू नकोस, प्रेमाने विचारते. आमची बिल्डिंग जुनी, घरात ममाद, म्हणजे सुरक्षित खोली नाही, गाझातून रॉकेट सुटलं की आम्हाला ४५ सेकंद मिळतात, तेवढ्यात माझ्या गुडघ्यांनी खालच्या मिकलातपर्यंत (बॉम्बपासूनच्या निवाऱ्यापर्यंत) पोचणं शक्य नाही म्हणून मी जिन्यातच बसते, वरची मोरोक्कोवाली असते, समोरची रशियन तिचं मांजर पिशवीत घालून आणते आणि ते मांजर सायरनपेक्षा मोठ्याने ओरडतं. असं किती वर्षं बसायचं? थांबलं ते बरं झालं. ज्यांना तिकडून टाळ्या वाजवायच्या त्यांनी वाजवा.

डॅनी (ठाणे): मामी टाळ्या नाही गं. काळजी वाटते म्हणून बोलतो. २६/११ ला छबाड हाऊसमध्ये काय झालं ते आम्हीपण बघितलंय.

एलिजादादा (लोद): डॅनीचं चूक काय आहे? २००५ ला पंतप्रधान शेरॉनने गाझा रिकामं केलं, २१ ज्यू वस्त्या उठवल्या, आपल्याच सैनिकांनी आपल्याच माणसांना उचलून बाहेर काढलं. बदल्यात काय मिळालं? २००६ ला हमास निवडून आली, २००७ ला फताह या दुसऱ्या पॅलेस्टिनी पक्षाला हाकलून सगळं ताब्यात घेतलं, आणि मग ७ ऑक्टोबर २०२३. १२०० माणसं एका दिवसात मारली, तेही सिम्हाथ तोराच्या सणाला. मी पॅलेस्टिनींशी झालेल्या ओस्लो शांतता कराराच्या वेळी रस्त्यावर नाचलेला माणूस आहे, मला शांतता नको असं कोणी म्हणू नये. आता विश्वास उरला नाही एवढंच.

बेनीकाका (अलिबाग): एलिजा, जमीन सोडली म्हणून असं झालं हे मला पटत नाही. इजिप्तला सिनाय पण सोडलंच की. तेही कोणी, तर पंतप्रधान बेगिनने, त्याला कोणी लेचापेचा म्हणेल का? १९७३ ला इजिप्तशी केवढं मोठं युद्ध, चार वर्षांनी इजिप्तचा अध्यक्ष सादात जेरुसलेमला येऊन क्नेसेटमध्ये (इस्रायलच्या संसदेत) उभा, १९७९ ला करार, १९८२ पर्यंत शेवटचा माणूस सिनायमधून बाहेर. सादातला त्याच्याच सैनिकांनी मारलं तरी करार मोडला नाही, मुबारक गेला, मुस्लिम ब्रदरहूड आली गेली, तरी नाही. प्रेम शून्य आहे मान्य, पण तेव्हापासून त्या बॉर्डरवर इजिप्तच्या सैन्याशी युद्ध झालं नाही. गाझा सोडताना समोर सही करायला कोणी बसवलंच नव्हतं, एकतर्फी निघून आलो. हा फरक धरायला हवा.

एलिजादादा (लोद): इजिप्त देश आहे काका. त्यांच्याकडे सरकार आहे, सैन्य आहे, गमवायला काहीतरी आहे. इथे सही कोणाची घेणार? पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बासची? वीस वर्षं निवडणूक नाही घेतली त्याने.

नोआ (बीरशेवा): दादा, आपल्याकडे तरी सही करायला कोण तयार आहे? सरकारमधले दोन मंत्री उघड म्हणतात की गाझात परत वस्त्या करा. वेस्ट बँकमध्ये ज्यू वस्त्यांतली सेटलर पोरं ऑलिव्हच्या तोडणीला येऊन शेतकऱ्यांना मारतात, त्याचं काय? आणि गाझाचं आरोग्य खातं ६७ हजारांवर मेले म्हणतंय. आकड्यावर वाद घाला हवा तेवढा, पण त्यात हजारो लेकरं आहेत, ते पुसता येणार नाही. मी हे ग्रुपवर लिहिलं की मला लेफ्टी म्हणता. १९ जूनला इथल्या सोरोका हॉस्पिटलवर इराणचं मिसाईल पडलं तेव्हा आई मला कशी फोन लावत होती विसरलात वाटतं. मला पण इथेच राहायचंय. म्हणूनच बोलते.

एलिजादादा (लोद): लेफ्टी मी म्हटलं नाही. मनात म्हटलं.

शिरीनमामी (अश्दोद): मनातलं ग्रुपवर टाकायचं नाही असा नियम करा कोणीतरी.

डॅनी (ठाणे): पण नोआ, आपण ज्यू आहोत गं. आपणच आपल्यावर टीका केली तर बाकीचे काय म्हणतील?

बेनीकाका (अलिबाग): डॅनी तुला १९६४ माहीत आहे का? तुझे आजोबा होते त्यात. तिकडे गेलेल्या आपल्या बेने इस्रायलींना लग्नाची नोंदणी करायला गेलं की आई, आजी, पणजी सगळ्यांचं ज्यूपण सिद्ध करा म्हणायचे, चीफ रब्बीनेटने (तिथल्या सर्वोच्च धर्मपीठाने) तसा फतवाच काढला होता. कोकणात शनवारी घाणा बंद ठेवला म्हणून ‘शनवार तेली’ नाव पडलं, सुंता पाळली, शमाची प्रार्थना विसरलो नाही, आणि तिथे गेल्यावर विचारतात तुम्ही खरे का? मग आपली माणसं बायकापोरांसकट जेरुसलेमला जाऊन धरणं धरून बसली. शेवटी क्नेसेटने ठराव केला की हे पूर्ण ज्यू आहेत, आणि रब्बीनेटला माघार घ्यावी लागली. तेव्हापण लोक म्हणायचे की घरचं भांडण चव्हाट्यावर कशाला. नसतं नेलं तर तुझ्या मावशीचं लग्न लागलं नसतं.

एलिजादादा (लोद): ते आपलं आपल्यात होतं. त्याची हमासशी तुलना करू नका प्लीज.

बेनीकाका (अलिबाग): तुलना नाही केली. सरकारला प्रश्न विचारणारा देशद्रोही नसतो एवढंच.

शिरीनमामी (अश्दोद): एलिजा तू तुझ्या लोदचं सांग ना. मे २०२१ ला तुझ्या गल्लीत गाड्या जळत होत्या, सिनेगॉगला आग लावली, अरब पोरगाही गोळीने मेला. आणि आज तुझं ब्लड प्रेशरचं औषध कोण देतं?

एलिजादादा (लोद): फार्मसीवाली अरब आहे, हो. चांगली मुलगी आहे. माझी गोळी संपत आली की स्वतः मेसेज करते. ७ ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा दोघांनाही काय बोलावं कळेना, तिने पिशवी दिली, मी पैसे दिले, निघालो. दुसऱ्या वेळी तिने विचारलं, तुमचा मुलगा कुठे आहे? म्हटलं सैन्यात, गाझात खान युनिसला. ती म्हणाली, सुखरूप येऊ दे. तिचे नातलग गाझात आहेत, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. तिने कधी बोलून दाखवलं नाही. पण एका चांगल्या मुलीवरून पॉलिसी ठरत नाही शिरीन.

नोआ (बीरशेवा): ठरत नाही. पण या देशात पाचातला एक माणूस अरब आहे, माझ्या वॉर्डात तर निम्मे. त्यांच्याशिवाय कुठलीच पॉलिसी चालायची नाही.

डॅनी (ठाणे): बरं मग आता नेमकं होणार काय? ट्रम्पचा २० कलमी प्लॅन टिकेल?

बेनीकाका (अलिबाग): पहिला टप्पा सोपा होता, ओलीस द्या कैदी घ्या. हमासची शस्त्रं कोण काढून घेणार, बाहेरची फौज कोण पाठवणार, अर्ध्याहून जास्त गाझात आपलं सैन्य आहे ते कधी मागे येणार, खरी गाडी तिथे अडणार. मी फार आशा धरत नाही, पण इजिप्तच्या वेळीही नव्हती धरली.

शिरीनमामी (अश्दोद): ४ नोव्हेंबरला ओस्लो करणाऱ्या पंतप्रधान राबिनला जाऊन ३० वर्षं होतील. त्याला मारणारा अरब नव्हता, किप्पा (ज्यू टोपी) घातलेला आपलाच पोरगा होता, हेही त्या हिशेबात धरा. मी तेल अवीवला जाणारे. नोआ येतेस का?

नोआ (बीरशेवा): ड्युटी बदलून मिळाली तर नक्की.

एलिजादादा (लोद): मी येणार नाही, पण स्टेशनवर सोडायला येईन. आणि पुढच्या ऑक्टोबरपर्यंत निवडणूक आहेच, तेव्हा बघू.

शिरीनमामी (अश्दोद): तू कोणाला मत देणार ते सगळ्या लोदला माहितीये.

डॅनी (ठाणे): आई विचारतेय, डिसेंबरचं तिकीट काढू का?

शिरीनमामी (अश्दोद): काढा, पण रिफंडेबल. आणि येताना वाल आणा दोन किलो, बिरड्याचे.