मदत हवी आहे: दिवा लावला की रिमोट चालेनासा होतो

आईला गुडघ्यांमुळे उठवत नाही, म्हणून तिच्या पंख्याला मी रिमोट बसवलाय. ३८ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा रिमोटचा प्रकाश ओळखणारा, तीन पायांचा आयआर (इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) रिसीव्हर वापरलाय. अंधारात पाच मीटरवरूनही चालतो, पण खोलीतला जुना सीएफएल लावला की पलंगावरून दहादा बटण दाबावं लागतं. बिचारी कंटाळून हाक मारते.

मला समजलंय ते असं: रिसीव्हरचं काळं आवरण दृश्य प्रकाश अडवतं. उन्हातही इन्फ्रारेड असतं, पण ते लुकलुकत नाही, म्हणून आतला बँडपास फिल्टर (३८ किलोहर्ट्झच्या आसपास लुकलुकणारंच पुढे जाऊ देणारा भाग) ते गाळून टाकतो. सीएफएलचं चोक (दिव्याला वीज पुरवणारं आतलं सर्किट) मात्र साधारण वीस ते साठ किलोहर्ट्झवर चालतं, म्हणून त्याचा प्रकाशही ३८ च्या अगदी शेजारी लुकलुकतो. सतत असा गोंगाट आला की रिसीव्हर स्वतःची संवेदनशीलता कमी करतो, आणि त्यात आपला रिमोटही ऐकू येत नाही.

रिसीव्हरच्या वीजपुरवठ्यावर १०० ओहमचा रेझिस्टर आणि ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून झालं, फरक नाही. काळी नळी बसवून रिसीव्हर फक्त पलंगाकडे वळवला तर भागेल का? की ५६ किलोहर्ट्झची रिमोट-रिसीव्हरची जोडी घ्यावी? कुणी करून पाहिलं असेल तर कृपया सांगा.