औषध कंपनीतला बडा साहेब आरोग्यमंत्री व्हावा का?

दांडियाबाजार
ॲलेक्स अझार २००७ साली एली लिली या औषध कंपनीत गेले, २०१२ मध्ये तिच्या अमेरिकेतल्या शाखेचे अध्यक्ष झाले. जानेवारी २०१७ मध्ये बाहेर पडले आणि वर्षभरात थेट अमेरिकेचे आरोग्यमंत्री! सिनेटमध्ये ५५ विरुद्ध ४३ मतं. माझ्या मते असा माणूस त्या खुर्चीत नकोच. लिलीच्या ह्युमलॉग इन्सुलिनची कुपी १९९६ मध्ये २१ डॉलरला होती, २०१७ पर्यंत ती २७५ च्या घरात गेली. औषध तेच, कुपी तीच. ही दरवाढ ज्यांच्या कारकिर्दीतही चालू राहिली, तेच तिला लगाम घालणार?

रावपुरा_रेग्युलेटरी
दादा, छापील किंमत म्हणजे कंपनीच्या हातात पडणारी रक्कम नव्हे. तिथे विमा आणि कंपनी यांच्यामध्ये फार्मसी बेनिफिट मॅनेजर नावाचे मध्यस्थ बसलेले असतात. औषध विम्याच्या यादीत घ्यायला ते टक्क्यांत सूट मागतात, म्हणून छापील किंमत चढली की त्यांचाही वाटा फुगतो. बाहेरून आलेल्या मंत्र्याला ही गाठ सापडेपर्यंत त्याची मुदत संपत येते. अझार यांनी जानेवारी २०१९ मध्येच या सूट-पद्धतीवर बंधनाचा मसुदा काढला. मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याच्या सहभागी योजनांत इन्सुलिनला महिना जास्तीत जास्त ३५ डॉलर, हेही त्यांच्याच खात्यानं मार्च २०२० मध्ये जाहीर केलं.

दांडियाबाजार
आणि तो मसुदा जुलै २०१९ मध्ये मागे घेतला गेला, ते का गाळलंत? टीव्हीवरच्या जाहिरातीत किंमत दाखवायचा नियम तर लागू होण्याच्या आदल्या दिवशी कोर्टानं अडवला, कारण तसा अधिकार कायद्यानं खात्याला दिलेलाच नव्हता. आणि अझार स्वतः शिकलेले वकील!

मांजलपूर_क्यूए
आपल्याकडे चित्रच वेगळं आहे. किंमत ठरवणारं एनपीपीए, म्हणजे राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण, रसायन आणि खत मंत्रालयाखाली येतं, आरोग्याखाली नाही. २०१३ च्या औषध किंमत आदेशानुसार आवश्यक यादीतल्या औषधासाठी १ टक्का किंवा जास्त बाजारहिस्सा असलेल्या ब्रँडच्या, दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढायची आणि त्यावर १६ टक्के मार्जिन धरायचं. यादीबाहेरच्या औषधाला बारा महिन्यांत १० टक्क्यांपर्यंत वाढ. आरोग्यमंत्र्याच्या हातात दर्जा असतो, आणि तिथे कारखाना पाहिलेला माणूस मला हवाच. २०२५ मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपनं मुलं दगावली, त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं. मर्यादा ०.१ टक्के! सिरपमध्ये खरं तर वापरायच्या प्रोपिलीन ग्लायकॉलचा ड्रम उघडला तर दोन्ही द्रव दिसायला सारखेच, बिनरंगी आणि दाट. सील शाबूत आहे, पुरवठादाराचं सर्टिफिकेट जोडलेलं आहे, एवढ्यावर ड्रम पास केला की संपलं. प्रत्येक ड्रममधून नमुना काढून गॅस क्रोमॅटोग्राफ या तपासणी यंत्रावर चालवला तरच भेसळ सापडते. हे मंत्र्याला ठाऊक असेल तर इन्स्पेक्टरला पहिला प्रश्न तो नोंदवहीचाच विचारेल.

फतेगंज
ताई, तुमचा मुद्दा पटतो, पण राजकारणात जाणारा साहेब ड्रमजवळचा नसतो, मालक किंवा विक्रीवाला असतो. ॲरिस्टो या औषध कंपनीचे महेंद्र प्रसाद पाहा. १९८० मध्ये जहानाबादहून लोकसभा, मग १९८५ पासून २०२१ मध्ये निधन होईपर्यंत राज्यसभा. खरी भोकं कायद्यात आहेत. लोकप्रतिनिधी कायद्याचं कलम ९अ सरकारशी पुरवठ्याचा करार असलेल्या आमदार-खासदाराला अपात्र ठरवतं, पण करार कंपनीच्या नावावर असतो, साहेबाच्या नव्हे. मंत्र्यांच्या आचारसंहितेत सरकारला माल पुरवणाऱ्या धंद्यातला हिस्सा सोडावा लागतो, तो पती किंवा पत्नीला देता येत नाही, पण त्या धंद्यात आधीपासून असलेल्या सज्ञान मुलाला चालतो. म्हणजे वडील आरोग्यमंत्री, मुलगा गांधीनगरला सरकारी औषधखरेदीचं टेंडर भरणार, आणि कागदावर सगळं चोख!

रावपुरा_रेग्युलेटरी
मुलाचा मुद्दा मला मान्य. पण ते भोक बुजवायचं सोडून जाणकारालाच दार बंद करायचं, हे काही पटत नाही. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे, मोबदल्याचं संचालकपद आणि नियंत्रण ठेवण्याजोगे शेअर तिथे लिहावे लागतात. त्यात सज्ञान मुलांचे शेअर आणि सरकारी टेंडर असे दोन रकाने वाढवा.

दांडियाबाजार
रकाना भरणारही तोच साहेब ना? माझं मत बदललेलं नाही. कंपनी सोडल्यावर निदान पाच वर्षं आरोग्य खातं देऊच नये.

मांजलपूर_क्यूए
पाच वर्षांत गुणवत्तेचे नियम बदललेले असतात, दादा. औषध कारखान्यांसाठीच्या दर्जाच्या नियमांचं सुधारित शेड्यूल एमच पाहा ना. २०२० मध्ये कारखाना सोडलेल्या माणसानं ते राबवलेलं नसेल.