मदत हवी आहे: डायमेलो-सेकमध्ये सीटीसीएफचे बंधन आणि नुसते उघडे क्रोमॅटिन वेगळे कसे ओळखावे?

नमस्कार.

जीएम१२८७८ या मानवी पेशींत सीटीसीएफ हे प्रथिन डीएनएवर कोठे बसते, हे मी डायमेलो-सेक या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीने शोधत आहे. सीटीसीएफला चिकटलेल्या प्रतिपिंडाला प्रोटीन-ए जोडलेले एचआयए५ हे एन्झाइम धरते आणि डीएनएतील आसपासच्या ॲडेनीन या घटकावर मिथाइल गटाची खूण चढवते. मानवी डीएनएत अशा खुणा मुळात जवळजवळ नसतात, त्यामुळे पीसीआरने प्रती न काढता नॅनोपोअर या डीएनए-वाचन यंत्रावर लांब रेणू वाचले की त्या थेट दिसायला हव्यात, आणि तशा त्या दिसतातही.

अडचण पुढेच आहे. सीटीसीएफच्या ओळखक्रमाच्या दोन्ही बाजूंना खुणांची दाटी आहे आणि मध्ये, प्रथिनाने झाकलेल्या जागी, स्पष्ट खाच आहे. परंतु ज्या प्रवर्तकांजवळ (जनुक सुरू करणाऱ्या डीएनएच्या भागांजवळ) हा ओळखक्रमच नाही, तेथेही बऱ्यापैकी खुणा उमटल्या आहेत. आयजीजी नियंत्रणात, म्हणजे सीटीसीएफला न ओळखणारे साधे प्रतिपिंड वापरलेल्या नमुन्यात, त्या तुरळक आहेत. प्रतिपिंडाशिवाय मोकळे एन्झाइम दिलेल्या नमुन्यात मात्र तीच दाटी आणि तीच खाचही दिसते, कारण सीटीसीएफ तेथे आधीच बसलेले असते आणि शेजारचे क्रोमॅटिन (डीएनए आणि त्यावरील प्रथिने) उघडेच, म्हणजे एन्झाइमला पोहोचता येण्याजोगे, असते. म्हणजे केवळ खाच दाखवून काहीच सिद्ध होत नाही, असे माझे मत झाले आहे.

दुसरी शंका उंबरठ्याविषयी आहे. खुणा मोजणारी मॉडकिट ही संगणक-प्रणाली प्रत्येक फाइलमधील सर्वांत कमी खात्रीचे सुमारे १० टक्के निर्णय (खूण आहे की नाही, याचे) गाळण्याच्या हिशेबाने उंबरठा स्वतःच ठरवते. साहजिकच तिन्ही नमुन्यांचा उंबरठा वेगवेगळा येतो आणि त्यांची तुलना डळमळीत होते. एन्झाइम न दिलेल्या डीएनएतील खोट्या खुणांचे प्रमाण पाहून सर्वांना एकच उंबरठा लावणे योग्य ठरेल का?

तसेच, मोकळ्या एन्झाइमच्या नमुन्याशी गुणोत्तर काढताना प्रत्येक खिडकीतील (डीएनएच्या ठरावीक लांबीच्या पट्ट्यातील) ॲडेनीनची संख्या जमेस धरावी लागेल, हे उघड आहे; पण एकेका रेणूवर ‘येथे सीटीसीएफ बसले होते’ असे म्हणण्यासाठी आपण कोणता निकष वापरता? सरासरी आलेख मला नको आहेत. ते काम चिप-सेक या, अनेक पेशींची सरासरी देणाऱ्या पद्धतीनेही झाले असते. एकाच रेणूवरील शेजारच्या दोन जागा एकाच वेळी व्यापलेल्या असतात का, हे मला पाहायचे आहे.

प्रतिपिंड धुण्याच्या पायरीत काही बदल सुचवायचा असल्यास तोही कळवावा. मोकळे राहिलेले एन्झाइम नीट निघून जात नसावे, असा मला संशय आहे.