डिस्को : जागा, नाच की ठेका?

प्रश्न

डिस्कोचा नाद कुठून आला यावरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करतेय आणि पहिल्याच पानावर अडलेय. मूळ लेखात 'डिस्को' कधी जागेसाठी येतो, कधी नाचासाठी, कधी संगीतासाठी. आपल्याकडे तर डिस्को दांडिया आहे, वरातीतल्या डिस्को लाइट आहेत, आणि जोरात वाजणारं कुठलंही नाचाचं गाणं म्हणजे डिस्को. मग मी एकच शब्द सगळीकडे ठेवू का? शिवाय 'फोर ऑन द फ्लोअर' हे सारखं येतं. 'फरशीवर चार' असं तर लिहिता येत नाही. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद

तिन्ही अर्थ बरोबर आहेत, पण ते एकामागून एक आले आणि तो क्रम अनुवादात दिसायला हवा. आधी जागा, मग तिथलं संगीत, नाच-कपडे-दिवे त्यानंतर.

शब्द मूळ फ्रेंच. 'दिस्क' म्हणजे तबकडी. ग्रंथालयाला फ्रेंचमध्ये 'बिब्लिओतेक' म्हणतात, त्याच धर्तीवर 'दिस्कोतेक', म्हणजे तबकड्यांचा संग्रह. पुढे वादक न बोलावता तबकड्या लावून जिथे नाचतात त्या जागेला हे नाव पडलं. साठच्या दशकात ते अमेरिकेत रुजलं आणि तोंडी वापरात तुटून 'डिस्को' उरलं. थोडक्यात, या संगीताचं नाव गावावरून, वाद्यावरून किंवा वाजवणाऱ्यांवरून आलेलं नाही. लोक ते जिथे ऐकत होते त्या जागेवरून आलंय. म्हणूनच मला या शब्दाची चर्चा महत्त्वाची वाटते, कारण ज्यांनी तो नाद घडवला ती माणसं या नावात कुठेच नाहीत.

सप्टेंबर १९७३ मध्ये संगीत समीक्षक व्हिन्स अलेट्टी यांनी 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी नियतकालिकात या संगीतावर लिहिलं, तेव्हा शीर्षकात 'डिस्कोतेक रॉक' असा जोडशब्द वापरावा लागला. स्वतंत्र नाव अजून रूढ व्हायचं होतं. नाद मात्र तयार होता, न्यूयॉर्कपासून साधारण दीडशे किलोमीटरवरच्या फिलाडेल्फियात. केनी गॅम्बल आणि लिऑन हफ यांनी १९७१ मध्ये तिथे 'फिलाडेल्फिया इंटरनॅशनल' ही रेकॉर्ड कंपनी काढली. ध्वनिमुद्रण जो टार्सिया यांच्या सिग्मा साउंड स्टुडिओत व्हायचं आणि गायक कोणीही असो, साथीला वादक बहुतेक तेच असायचे. तीसहून जास्त जणांचा तो ताफा 'एमएफएसबी' नावाने ओळखला जायचा. ड्रमवर अर्ल यंग, बेसवर रॉनी बेकर, गिटारवर नॉर्मन हॅरिस, व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्या ठोकून वाजवायचं वाद्य) व्हिन्स मोंटाना. डिस्कोचा उगम एका खोलीत दाखवायचा झाला तर मी ही खोली दाखवेन.

हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स यांचं १९७३ चं 'द लव्ह आय लॉस्ट' कान देऊन ऐका. गाणं विरहाचं. आधी संथ लयीत योजलेलं, स्टुडिओत लय चढवली. त्याआधी डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या कित्येक गाण्यांत चारही मात्रांवर स्नेअर ड्रम वाजायचा, म्हणजे वरून, काठीने. अर्ल यंग यांनी ते चार ठोके खाली पायाकडे, बेस ड्रमवर नेले. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर राहिला. आणि दोन ठोक्यांच्या मधोमध, अर्ध्या मात्रेवर, हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने उघडमीट करायच्या जोडीच्या, झांजा उघडून लगेच मिटल्या. ऐकू येतं ते असं : धुम्-चिस्, धुम्-चिस्, धुम्-चिस्, धुम्-चिस्.

तुमचं 'फोर ऑन द फ्लोअर' ते हेच. बेस ड्रम जमिनीवर ठेवलेला असतो आणि पायपट्टीने वाजतो. मी 'चारही मात्रांवर बेस ड्रम' असं सरळ लिहीन. नवा शब्द घडवायची गरज नाही.

आणखी एक

मी ऑर्केस्ट्रात ऱ्हिदमला असतो. आमच्यात 'डिस्को लाव' म्हटलं की ऑक्टोपॅडवाला (इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणारा) काय वाजवणार हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे 'ठेका' हा शब्द मला पटतो. पण काही जण जलद केरव्यालाही डिस्कोच म्हणतात. ते चालेल का?

प्रतिसाद

संगीतावरच्या लेखात नाही चालणार. केरव्यात भरी आणि खाली आहे, पहिल्या अर्ध्याचं वजन दुसऱ्या अर्ध्यात हलकं होतं आणि मग समेला परत येतं. डिस्कोत खालीच नाही. चारही मात्रा सारख्याच भरीव, आणि डोलायला लावतो तो मधला 'चिस्'. तो काढून टाका, मागे नुसती कवायत उरते. लयही ठरल्यासारखी, मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास.

पण ठेका म्हणजे अख्खा डिस्को नव्हे, हेही सांगतो. बेस गिटार मूळ स्वर आणि त्याचाच वरच्या सप्तकातला स्वर आलटून पालटून धरते, त्यामुळे खालचा भाग सतत उड्या मारत राहतो. गिटार अर्धवट दाबलेल्या तारांवर कुरकुरते. १९७१ मध्ये आयझॅक हेज यांनी 'शाफ्ट' चित्रपटाच्या संगीतात हाय-हॅटच्या बारीक धावत्या आघातांवर वाव्वा पेडलची (पायाने दाबून 'वा-वा' असा आवाज काढणारी) गिटार ठेवली होती, ती सवय पुढे सगळ्यांनी उचलली. वर व्हायोलिनांचा ताफा. आणि गाणारा आवाज कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गॉस्पेलमधून आलेला, एकीने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. डिस्को गायिका लोलिॲटा हॉलोवे आधी गॉस्पेलच गायच्या.

प्रश्नकर्ती

लेखात काँगा आणि लॅटिन असंही खूप आहे. आणि आफ्रिकेचा एक उल्लेख.

प्रतिसाद

काँगा, म्हणजे हातांनी वाजवायचा उंच ढोल, न्यूयॉर्कच्या लॅटिन वस्त्यांमधून आला. तिथल्या एका रेकॉर्ड कंपनीचं नावच 'साल्सोल', म्हणजे साल्सा (लॅटिन नाचाचं संगीत) आणि सोल (कृष्णवर्णीयांचं गाणं) यांची जोड. वर सांगितलेले व्हिन्स मोंटाना पुढे तिचाच वाद्यवृंद चालवत होते, त्यामुळे फिलाडेल्फियाचा ठेका आणि काँगा एकत्र नांदले.

आफ्रिकेचा उल्लेख बहुधा मनू दिबांगो यांच्या 'सोल माकोसा'चा असणार. दिबांगो कॅमेरूनचे. १९७२ च्या आफ्रिकी फुटबॉल स्पर्धेसाठी त्यांनी एक गाणं केलं आणि हे त्या तबकडीच्या मागच्या बाजूला होतं. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मँकुसो यांच्या हाती ती तबकडी ब्रुकलिनच्या एका दुकानात लागली. मँकुसो फेब्रुवारी १९७० पासून ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या जागेत आमंत्रितांसाठी नाचाच्या रात्री भरवत, त्या 'लॉफ्ट' नावाने प्रसिद्ध आहेत. येणाऱ्यांत कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी मंडळी मोठ्या संख्येने असत. रेडिओ जे वाजवत नव्हता ते तिथे वाजायचं, आणि तिथे नाचलेली गाणी मग रेडिओला घ्यावी लागायची. लेखात 'डिस्को' जागेच्या अर्थी आला असेल तर असल्या खोल्यांमुळे आलाय. फिलाडेल्फियाने नाद दिला, या नाचणाऱ्यांनी तो निवडला. अनुवादात दोन्ही वेगळे ठेवा, ही माझी कळकळीची विनंती.

एक गोष्ट राहिली, तबकडीची. सात इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं मावतात. नाचणाऱ्यांना ती पुरत नसत. टॉम मोल्टन गाण्याचा वाद्यांचा भाग वाढवून लांब आवृत्त्या करायचे. एकदा कोऱ्या सात इंची चकत्या संपल्या म्हणून मोठ्या चकतीवर काम भागवलं. जागा भरपूर मिळाल्याने खाचा रुंद कापता आल्या, आणि खाचा रुंद झाल्यावर आवाज, विशेषतः बेस, दणदणीत उठला. त्यातून बारा इंची सिंगल आली. दुकानात विकायला आलेली पहिली म्हणून १९७६ ची साल्सोलचीच 'टेन परसेंट' सांगतात, वॉल्टर गिबन्स यांनी मिक्स केलेली. ज्या शब्दाच्या पोटात तबकडी आहे, त्या संगीताने तबकडीचा आकार बदलला.

ऱ्हिदमवाला

मग सिंथेसायझरवाला डिस्को? आमच्याकडे बहुतेक लोक त्यालाच डिस्को समजतात.

प्रतिसाद

तो म्युनिकचा. जॉर्जो मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी १९७७ मध्ये डोना समर यांच्याकडून 'आय फील लव्ह' गाऊन घेतलं, त्यात साथ जवळपास सगळी मूग सिंथेसायझरची. बेस ड्रम मात्र तिथेही माणसानेच, कीथ फोर्सी यांनी, वाजवला. चांगलं गाणं आहे, पण उगम म्हणून ते दाखवलं की आधीची पाच-सहा वर्षं पुसली जातात.

आपल्याकडे शब्द रूढ झाला तो हिंदी चित्रपटांतून आणि कॅसेटींवरून. बंगळुरूत जन्मलेले संगीतकार बिद्दू लंडनला गेले, १९७४ मध्ये कार्ल डग्लस यांचं 'कुंग फू फायटिंग' त्यांनी केलं, आणि १९८० च्या 'कुर्बानी'त नाझिया हसन यांचं 'आप जैसा कोई' त्यांचंच. १९८२ मध्ये बप्पी लाहिरींचा 'डिस्को डान्सर' आला. अमेरिकेत जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या मैदानात डिस्कोविरोधकांनी डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवून झाल्या होत्या, तेव्हा आपल्याकडे हा शब्द नुकता तोंडी बसत होता. त्यामुळे तो दिवे, चमकते कपडे आणि नाच घेऊनच आला. डिस्को दांडियाला कुणी चूक म्हणू नये, तो आपला रुळलेला वापर आहे.

तुमच्या लेखापुरतं असं करा : जागेला 'डिस्कोतेक', संगीताला 'डिस्को', आणि तालाचा भाग असेल तिथे 'डिस्कोचा ठेका'.

प्रश्नकर्ती

खूप आभार. पहिलं वाक्य असं केलंय : 'डिस्कोतेकमध्ये नाव मिळण्याआधीच डिस्कोचा ठेका फिलाडेल्फियात तयार झाला होता, चारही मात्रांवर बेस ड्रम आणि मधल्या अर्ध्या मात्रेवर हाय-हॅट वाजते.'

ऱ्हिदमवाला

छान. फक्त 'वाजते'च्या जागी 'उघडते' करा. मिटलेली हाय-हॅट पण वाजतेच, पण तिचा आवाज 'चिक्' येतो, 'चिस्' नाही.